तंगाखालची गाठ आणि शिंगराच्या चामखिळी

प्रश्न : आम्ही पाचगणीला राहतो. टेबललँडवर आमचे चार घोडे पर्यटकांना फिरवतात. घरी एक गायही आहे आणि गाय व घोडे एकाच गोठ्यात असतात. आमच्या सात वर्षांच्या घोडीच्या पुढच्या डाव्या पायाच्या कोपरामागे, जिथून तंग (खोगीर आवळण्याचा पोटपट्टा) जातो तिथे, दिवाळीच्या सुमारास केस गेलेला खडबडीत डाग दिसला. तंग घासला असेल असे समजून आम्ही हळद आणि तेल लावत राहिलो. आता त्या डागाच्या मधोमध सुपारीएवढी गाठ आली आहे आणि तंग आवळला की ती सोलून रक्त येते. मांडीच्या आतल्या बाजूलाही वाटाण्याएवढ्या दोन गाठी हाताला लागतात. याच गोठ्यातल्या दीड वर्षाच्या शिंगराच्या ओठांवर आणि नाकपुड्यांभोवती बारीक चामखिळींचा पुंजका उठला आहे. गेल्या पावसाळ्यात गाईच्या मानेवर चामखिळी होत्या, त्या आपोआप गेल्या. जुने घोडेवाले बिब्बा लावायला किंवा शेपटीच्या केसाने गाठ आवळून बांधायला सांगतात. माणसांचे डॉक्टर असलेले आमचे एक नातेवाईक म्हणाले, की हा विषाणूमुळे होणारा कॅन्सर आहे, घोडी विकून मोकळे व्हा. हे खरे आहे का? पर्यटकांच्या मुलांना याची लागण होईल का? बाकीचे घोडे कसे वाचवायचे?
– एक घोडेमालक, पाचगणी, जि. सातारा

उत्तर : सस्नेह नमस्कार.

गोठा एकच असल्यामुळे घोडीची गाठ आणि शिंगराच्या चामखिळी हा एकच आजार आहे, असे आपल्याला वाटणे साहजिक आहे. आपण दिलेल्या वर्णनावरून मात्र हे दोन वेगळे आजार दिसतात. दोन्हींमागचे विषाणू पॅपिलोमा या एकाच घराण्यातले असले, तरी त्यांचा स्वभाव, त्यांचा शेवट आणि त्यांच्यावर करायचे उपाय यांत फार मोठा फरक आहे. शिंगराचे दुखणे बहुधा आपोआप जाईल. घोडीचे आपोआप जाण्याची आशा धरू नये. पत्रावरून आणि वर्णनावरून कोणीही खात्रीचे निदान करू शकत नाही, त्यामुळे पुढचे सर्व विवेचन पशुवैद्यकाने घोडीवर प्रत्यक्ष हात ठेवून तपासल्यानंतरच अमलात आणावे. त्याला अपवाद एकाच गोष्टीचा : त्या घोडीवर तंग आवळणे आजपासून थांबवावे.

शिंगराचे आधी संपवतो, कारण त्यात सांगण्यासारखे थोडेच आहे. एक ते तीन वर्षांच्या वयात ओठ, नाकपुड्या आणि कधी डोळ्यांभोवती येणाऱ्या, फुलकोबीसारख्या पृष्ठभागाच्या या चामखिळी घोड्यांच्या स्वतःच्या पॅपिलोमा विषाणूमुळे होतात. त्वचेवरच्या बारीक ओरखड्यांतून विषाणू आत शिरतो. म्हणून काटेरी झुडपांत तोंड घालणाऱ्या किंवा गव्हाणीच्या खडबडीत कडेला नाक घासणाऱ्या शिंगरांत त्या अधिक दिसतात. शरीराने विषाणूला ओळखले, की बहुतेक शिंगरांत त्या काही महिन्यांत सुकून गळून पडतात आणि सहसा पुन्हा येत नाहीत. त्या खुडणे, घासणे किंवा त्यांवर औषधे चोपडणे यांची गरज नसते. शिंगराची मोहरकी, तोबरा आणि पाण्याची बादली तेवढी इतर कोवळ्या घोड्यांपासून वेगळी ठेवावी. चामखिळींमुळे खाण्याला किंवा श्वासाला अडथळा येत असेल, किंवा वर्ष उलटूनही त्या कमी झाल्या नसतील, तरच पशुवैद्यकाला दाखवण्याचे कारण उरते.

आता घोडीकडे येऊ. आधी केस गेलेला, किंचित खवल्यांचा डाग, मग त्याच्या पोटातून वर येणारी गाठ, घासले की फुटणारी त्वचा, आणि त्याच वेळी मांडीच्या आतल्या पातळ, केसविरळ कातडीखाली दुसऱ्या गाठी हे सगळे वर्णन सारकॉईड या अर्बुदाशी (म्हणजे पेशींच्या अवाजवी वाढीच्या गाठीशी) जुळते. जगभरातील घोड्यांत त्वचेचे जितके अर्बुद आढळतात त्यांत हे सर्वांत अधिक प्रमाणात आढळते. गाढवांना आणि खेचरांनाही ते होते. साधारण तीन ते सहा वर्षांच्या वयात ते प्रथम दिसू लागते आणि डोळ्यांभोवती, कानांवर, छातीवर, काखेत, पोटाखाली, जांघेत आणि जुन्या जखमांच्या जागी येण्याची त्याला खोड असते. दक्षिण आफ्रिकेत जॅक्सन या पशुवैद्यकाने १९३६ मध्ये त्याचे वर्णन केले आणि साध्या चामखिळीपासून त्याला वेगळे काढले. पुढे १९५१ मध्ये ओल्सन आणि कुक या संशोधकांनी गाईच्या चामखिळींचा अर्क घोड्यांच्या त्वचेत टोचला, तेव्हा तशाच प्रकारच्या गाठी उठल्या, आणि या दुखण्याचा धागा गोठ्यातल्या गाईकडे जातो हे ध्यानात आले. आज हे पक्के झाले आहे, की घोड्यांच्या सारकॉईडमध्ये गाईगुरांच्या पॅपिलोमा विषाणूचे मुख्यतः पहिला आणि दुसरा हे दोन प्रकार सापडतात.

आपल्या गाईच्या मानेवरच्या चामखिळी या दृष्टीने महत्त्वाच्या ठरतात, तरीही दोष त्या एकाच गाईच्या माथी मारता येणार नाही. गाईगुरांत हा विषाणू इतका सर्रास असतो, की आपल्या भागात गाई, म्हशी आणि घोडी एकमेकांच्या जवळ नाहीत असे गोठे क्वचितच सापडतील. गाईच्या शरीरात तो आपले पूर्ण आयुष्य जगतो, नवे विषाणू तयार करतो, आणि काही महिन्यांत गाईची प्रतिकारशक्ती त्याला आवरते. घोड्याच्या शरीरात त्याचे तसे होत नाही. तिथे तो बहुधा नवे विषाणू फारसे तयार करत नाही, पण त्याची जनुके त्वचेखालच्या तंतुपेशींत ठाण मांडून बसतात. त्यांतले एक जनुक अवघ्या ४४ अमिनो आम्लांचे एक चिमुकले प्रथिन बनवते, आणि ते प्रथिन पेशीच्या आवरणात जाऊन वाढीचा संदेश घेणाऱ्या ग्राहकाला चिकटते. परिणाम असा, की बाहेरून वाढण्याची आज्ञा आलेली नसताना पेशी वाढतच राहते. शिवाय ही जनुके पेशीला प्रतिकारशक्तीच्या नजरेआड राहायला मदत करतात. गाईच्या चामखिळी गेल्या म्हणून घोडीचीही गाठ जाईल, हा हिशेब इथे चुकतो. काही कोवळ्या घोड्यांत सपाट, लहान डाग आपोआप मावळल्याची उदाहरणे आहेत. सोलून रक्त येणारी, महिन्या-महिन्याला मोठी होणारी गाठ त्यांत मोडत नाही.

हा कॅन्सर आहे का, या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणे योग्य होणार नाही. सारकॉईड आजूबाजूच्या त्वचेत आणि त्वचेखाली मुळे पसरावीत तसे पसरते, काढले तर पुन्हा उगवते, कधी कधी एकाच घोड्यावर डझनावारी होते; परंतु फुप्फुस, यकृत अशा आतल्या अवयवांत जाऊन ते घर करत नाही, आणि म्हणून घोडा या दुखण्याने थेट दगावणे हे दुर्मीळ आहे. माणसांच्या कॅन्सरची कल्पना डोळ्यांसमोर ठेवून आपल्या नातेवाइकांनी सल्ला दिला असेल, तर त्यांची काळजी समजण्यासारखी आहे, पण निष्कर्ष बरोबर नाही. खरा त्रास गाठ कुठे आहे यावर ठरतो. हीच गाठ मानेवर असती, तर मी आपल्याला कदाचित काही काळ नुसती पाहत राहा असे म्हटले असते. ती तंगाखाली आहे, रोज घासली जाते, आणि घासणे हेच सारकॉईडला भडकवणारे सर्वांत मोठे कारण आहे. शांत सपाट डागाचे फुटलेल्या, मांसल, माशा बसणाऱ्या गाठीत रूपांतर होते ते बहुतेक वेळा जखमेमुळे, आणि आपल्या घोडीत नेमके तेच घडते आहे.

पशुवैद्यक तपासतील तेव्हा त्यांच्यापुढे आणखी काही शक्यता असतील, त्या आपणही जाणून घ्याव्यात. तंग घासून झालेली साधी जखम असेल तर तंग काढून दोन-तीन आठवडे विश्रांती दिल्यावर ती भरून येते आणि केस परत उगवतात. नायटा असेल तर डाग गोल असतो, एकाहून अधिक ठिकाणी आणि एकाहून अधिक घोड्यांवर दिसतो, आणि त्याखाली गाठ नसते. माशांनी जखमेत सोडलेल्या जंतांच्या अळ्यांमुळे होणारे उन्हाळी व्रण खाजतात आणि त्यांत रव्यासारखे पिवळट कण सापडतात. जखमेत वाढणारे फाजील मांस बहुतेक करून गुडघ्याखालच्या पायावर होते. या सगळ्यांपेक्षा गंभीर अशी एक शक्यता ग्लँडर्सची आहे. त्यात पायाच्या किंवा मांडीच्या आतल्या बाजूला शिरांच्या रेषेत माळेसारख्या गाठी येतात, त्या फुटून चिकट पू वाहतो, ताप येतो, नाकातून घट्ट स्राव येतो, आणि तो आजार माणसाला होतो, प्रसंगी जीवघेणाही ठरतो. आपल्या घोडीच्या मांडीतल्या गाठी कोरड्या, सुट्या आणि न दुखणाऱ्या असतील तर ग्लँडर्सचा संशय घेण्याचे कारण नाही. पण माळ, पू किंवा नाकातला स्राव यांपैकी काहीही दिसले तर घोडी वेगळी बांधून, मुलांना तिच्यापासून दूर ठेवून, त्याच दिवशी शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. २००९ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे ग्लँडर्सची खबर देणे बंधनकारक आहे. हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात त्याची रक्ततपासणी होते.

निदानासाठी गाठीचा तुकडा काढून तपासावा का, हा प्रश्न पशुवैद्यकही थबकून विचारात घेतात. इतर अर्बुदांत तुकडा काढणे ही पहिली पायरी असते. सारकॉईडमध्ये नुसता तुकडा काढून घोडी घरी पाठवली, तर उरलेली गाठ चवताळल्यासारखी वाढण्याचा धोका असतो. म्हणून माझे मत असे, की अनुभवी पशुवैद्यकाला दिसण्यावरून आणि जागेवरून खात्री वाटत असेल तर उपचारासोबतच संपूर्ण गाठ काढून ती फॉर्मेलिनमध्ये प्रयोगशाळेत पाठवावी, आणि खात्री नसेल तर तुकडा जरूर काढावा, परंतु त्यानंतर लगेच उपचार सुरू करण्याची तयारी आधी करून ठेवावी.

याच कारणाने बिब्बा आणि केसाचा फास या दोन्ही गोष्टींना माझा स्पष्ट विरोध आहे. बिब्ब्याचे तेल त्वचा जाळते, फोड आणते, आणि त्याला गाठ कुठली व चांगली कातडी कुठली याची ओळख नसते. वरचा भाग जळून खपली पडते, आठ-पंधरा दिवस गाठ गेल्यासारखी वाटते, आणि खालच्या पेशी जखमेच्या चिथावणीने दुप्पट जोमाने वर येतात. मोरचूद, चुना-सोडा आणि तापलेल्या लोखंडाचा डाग यांनाही हेच लागू आहे. केसाने बांधण्यामागचा विचार मुळात चुकीचा नाही. बारीक देठावर लोंबणाऱ्या गाठीला, किंवा चिमटीत धरून खालच्या मांसापासून पूर्ण सुटी उचलता येणाऱ्या लहान गाठीला, पशुवैद्यकही रबरी कडे लावतात. आपल्या घोडीच्या तंगाखालची गाठ मात्र रुंद बुडाची आहे. तिच्याभोवती फास बसला तरी तो वरचे बोंड तेवढे कापील आणि मूळ जागेवर राहील. मांडीतल्या वाटाण्याएवढ्या गाठी सुट्या असतील तर त्यांच्या बाबतीत रबरी कड्याचा विचार होऊ शकतो, पण तो निर्णय हाताने चाचपून घ्यायचा आहे, आणि तो पशुवैद्यकाने घ्यायचा आहे.

सारकॉईडवर पहिला उपचार जितका नीट होईल तितकी ते कायमचे जाण्याची शक्यता अधिक असते. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नानंतर पुढचा प्रयत्न अवघड होतो. गावात कोणीतरी ब्लेडने गाठ छाटली, मग कोणीतरी जाळली, मग एखादे मलम लावले, आणि शेवटी मुठीएवढी झालेली गाठ दवाखान्यात आणली, अशा घोड्याला वाचवण्यासारखे फार थोडे हाती राहते. आपली घोडी अजून त्या वाटेवर गेलेली नाही, ही मोठी जमेची बाजू आहे.

उपचार कुठे करावा? आपल्या जिल्ह्यातच शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पसरणीचा घाट उतरून वाई, सुरूर आणि खंबाटकीमार्गे घोडी टेम्पोतून तिथे एका दिवसात नेऊन परत आणता येते. आधी वाईच्या किंवा पाचगणीच्या शासकीय पशुवैद्यकांना दाखवून त्यांची चिठ्ठी घ्यावी आणि महाविद्यालयाच्या शस्त्रक्रिया विभागाशी फोनवर बोलून दिवस ठरवून मगच घोडी हलवावी. टेम्पोत तळाला गवताचा जाड थर द्यावा आणि घाटात घोडीचे तोंड पुढच्या बाजूला राहील असे बांधावे.

तिथे बहुधा शस्त्रक्रियेचा पर्याय प्रथम सुचवला जाईल. नुसती गाठ कापून टाकल्यास ती परत येण्याचे प्रमाण निरनिराळ्या अहवालांत निरनिराळे असले, तरी काहींत ते निम्म्याहून अधिक आहे, आणि बहुतेक गाठी परत येतात त्या पहिल्या सहा महिन्यांत. म्हणून गाठीच्या कडेने निरोगी दिसणाऱ्या त्वचेचा रुंद पट्टा घेऊन, गाठीला सुरी न लावता, ती सबंध उचलली पाहिजे, आणि शक्य असेल तर उरलेल्या जागेवर दुसरा उपाय जोडला पाहिजे. लेझरची सोय असेल तर उत्तमच. नसेल तर द्रवरूप नायट्रोजनने जागा गोठवणे हा पर्याय आहे. कृत्रिम रेतनाच्या कांड्या साठवण्यासाठी द्रवरूप नायट्रोजन आपल्याकडे गावोगावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत असतो, त्यामुळे हा उपाय स्थानिक पातळीवर होईल असे आपल्याला वाटेल. परंतु ऊतींचे तापमान उणे २० अंशांच्या खाली नेऊन, ती पूर्ण वितळू देऊन, पुन्हा गोठवावी लागते, आणि कोपराजवळच्या खोल स्नायूंना इजा होणार नाही हे पाहावे लागते. नुसता बोळा बुडवून टेकवण्याचे हे काम नाही. गोठवलेल्या जागी पुढे पांढरे केस उगवतात, हेही आधीच सांगून ठेवतो.

दुसरा मार्ग गाठीतच कर्करोगविरोधी औषध टोचण्याचा आहे. त्यासाठी सिसप्लॅटिन साधारण दोन आठवड्यांच्या अंतराने चार वेळा टोचतात, किंवा फ्लुरोयुरॅसिल वापरतात. सिसप्लॅटिनचे परिणाम चांगले आहेत, पण ते हाताळणाऱ्यालाही घातक असल्यामुळे हातमोजे, चष्मा आणि प्रशिक्षित माणूस हवाच. घरातल्या गरोदर स्त्रीने त्या दिवशी घोडीजवळ जाऊ नये. क्षयाची बीसीजी लस गाठीत टोचून प्रतिकारशक्ती जागी करण्याचा उपायही जुना आहे. डोळ्याभोवतीच्या गाठींत तो अनेकदा गुण देतो. अंगावरच्या आणि पायांवरच्या गाठींत त्याचा भरवसा कमी आहे, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळी टोचताना घोड्याला तीव्र ॲलर्जी येऊन तो कोसळण्याची भीती असल्याने आधी प्रतिबंधक औषधे देऊनच ती टोचावी लागते. आपल्या घोडीच्या तंगाखालच्या गाठीसाठी मी तो पहिला पर्याय मानणार नाही. इमिक्विमॉड हे माणसांच्या चामखिळींवरचे मलम लहान, सपाट सारकॉईडवर आठवड्यातून तीनदा याप्रमाणे काही महिने लावल्यास काही घोड्यांत उपयोगी पडते, मात्र त्याने त्वचा बरीच लाल होते आणि दुखते. दुखऱ्या काखेला रोज हात लावू देणारी घोडी विरळाच.

औषधाच्या दुकानात सहज मिळणारे ॲसायक्लोव्हिरचे मलम अनेक घोडेमालक लावून पाहतात, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. ते औषध नागीण आणि ओठांवर येणाऱ्या फोडांच्या विषाणूंवर चालते, कारण त्या विषाणूंचे स्वतःचे एक विकर (एन्झाइम) त्या औषधाला आधी कार्यक्षम बनवते. पॅपिलोमा विषाणूकडे ते विकरच नाही. सुरुवातीला काही घोड्यांत गुण आल्याचे अहवाल प्रसिद्ध झाले होते, परंतु पुढे खरे मलम आणि औषध नसलेले मलम अशी समोरासमोर चाचणी झाली, तेव्हा दोन्हींत फरक आढळला नाही. त्यावर पैसे आणि महिने घालवू नयेत.

वेळेचा विचारही करावा लागेल, कारण आपले उत्पन्न हंगामावर आहे. नाताळची गर्दी ओसरल्यापासून उन्हाळी सुट्ट्या लागेपर्यंतचा काळ या कामासाठी सर्वांत सोयीचा आहे. हवा थंड आणि कोरडी असते, माशा कमी असतात आणि जखम स्वच्छ ठेवणे सोपे जाते. पावसाळ्यात पर्यटक कमी असतात म्हणून तेव्हा शस्त्रक्रिया करू, असा विचार मनात आला तर तो बाजूला ठेवावा. पाचगणीच्या पावसात आणि ओल्या गोठ्यात काखेतली उघडी जखम भरवणे म्हणजे माशांना आणि जंतूंना आमंत्रण आहे, शिवाय तोपर्यंत गाठ किती वाढेल याचा नेम नाही. शस्त्रक्रियेनंतर जखम पूर्ण भरून, कातडी घट्ट होईपर्यंत खोगीर चढवायचे नाही, म्हणजे या उन्हाळ्यातले घोडीचे काही उत्पन्न बुडेल असे धरूनच चालावे. हात धरून चालवणे मात्र रोज चालू ठेवता येईल. चंदी (दाण्याचा खुराक) त्या काळात कमी करावी, नाहीतर बांधून ठेवलेल्या घोडीला पोटशूळ किंवा खुरांचा दाह व्हायचा.

पर्यटकांच्या मुलांविषयी आपण निश्चिंत असावे. गाईचा किंवा घोड्याचा पॅपिलोमा विषाणू माणसाला आजारी पाडत नाही. माणसाच्या चामखिळी माणसाच्याच विषाणूंमुळे होतात. नायटा आणि ग्लँडर्स हे दोन आजार माणसात येऊ शकतात, आणि म्हणूनच निदान होईपर्यंत घोडी लोकांसमोर न नेणे हे शहाणपणाचे आहे. रक्त येणारी जखम घेऊन फिरणारा घोडा पाहून आपल्या व्यवसायाबद्दल लोक काय बोलतील, हेही त्यात आलेच.

बाकीच्या घोड्यांना घोडीपासून तोडून ठेवण्याची गरज नाही. सारकॉईड नुसत्या शेजारी उभे राहण्याने होत नाही; ज्या घोड्याच्या रक्तातच त्याची प्रवृत्ती असते त्याला जखम आणि विषाणू एकत्र गाठतात तेव्हा ते होते, आणि ही प्रवृत्ती काही वंशांत अधिक दिसते. म्हणून या घोडीला पुढे गाभण करू नये, असे मी सुचवेन. तिचे शिंगरू झालेच असेल तर त्याच्यावर लक्ष ठेवावे. विषाणू एका घोड्यावरून दुसऱ्यावर नेण्यात माशांचा हात असावा असा दाट संशय आहे, कारण माशांच्या शरीरावर विषाणूचा अंश सापडला आहे. त्यामुळे गाठ झाकून ठेवणे, लीद आणि शेण रोज गोठ्यापासून लांब टाकणे, आणि इतर घोड्यांच्या अंगावरचे साधे ओरखडेसुद्धा धुऊन माशा-प्रतिबंधक मलम लावून बंद करणे, यांना महत्त्व द्यावे. चार घोड्यांना मिळून एक खरारा आणि दोन तंग असा आपल्याकडचा रिवाज आहे. या घोडीचा खरारा, तंग आणि खोगिराखालची गादी वेगळी करावी आणि तिला वापरलेले सामान साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवावे. गाईला जमले तर आडोसा करून वेगळी बांधावी. जमले नाही तर निदान तिला चामखिळी असतील तेवढे दिवस तरी घोड्यांना तिच्या अंगाला अंग घासता येऊ नये.

इतर घोडे तपासताना दोन जागा सहसा राहून जातात. पहिली जागा कानाची आतली बाजू. तिथे पांढरट, किंचित उंचवट्याचे, खवल्यांचे चट्टे दिसतात. तेही घोड्यांच्या पॅपिलोमा विषाणूंच्या काही प्रकारांमुळे होतात, आपोआप जात नाहीत, पण बहुतेक घोड्यांना त्यांचा त्रासही होत नाही. त्यांमुळे घोडा कान धरू देत नसेल तरच उपचाराचा विचार करावा, एरवी त्यांना कोणी हात लावू नये. दुसरी जागा अधिक महत्त्वाची आहे. वयस्कर, विशेषतः खच्ची केलेल्या घोड्याच्या लिंगावर आणि त्याच्या आवरणात येणाऱ्या चामखिळीसारख्या गाठी किंवा न भरणारे व्रण यांचा संबंध घोड्यांच्या पॅपिलोमा विषाणूच्या दुसऱ्या प्रकाराशी आहे, आणि त्यांतून होणारा कर्करोग सारकॉईडसारखा एका जागी थांबत नाही, जांघेतल्या लसीका ग्रंथींपर्यंत पसरतो. आवरणातून घाण वास येणे, रक्ताचे थेंब दिसणे, लघवी करताना घोड्याने लिंग बाहेर न काढणे, यांपैकी काहीही दिसले तर महिनाभर वाट पाहू नये. अशा घोड्याच्या आवरणातला मळ अधूनमधून कोमट पाण्याने हलकेच साफ करण्याची सवय ठेवावी. आपल्याकडचे घोडेवाले लाजेने म्हणा किंवा लाथेच्या भीतीने म्हणा, ते काम टाळतात. आपल्या चारांत वयाबरोबर पांढरा होत गेलेला घोडा असेल आणि त्याच्या शेपटीखाली काळ्या, कठीण गाठी आढळल्या, तर तो प्रकार आनुवंशिक आहे, त्याचा कोणत्याही विषाणूशी संबंध नाही, आणि वर लिहिलेले उपचार त्याला जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

राहिला विक्रीचा प्रश्न. सात वर्षांची, टेबललँडच्या गर्दीला सरावलेली, मुलांना पाठीवर घेऊन शांत चालणारी घोडी पुन्हा तयार करायला किती वर्षे लागतात, हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक माहीत आहे. त्यामुळे उपचाराचा खर्च आणि नव्या घोडीची किंमत यांची तुलना करताना ही गोष्ट हिशेबात धरावी. एवढे करूनही विकायचेच ठरले, तर गाठ दाखवून आणि चिठ्ठीवर लिहून देऊनच विकावी. ती दडवून अकलूजच्या बाजारात उभी केली, तर घेणारा तिच्यावर पहिल्याच दिवशी तंग आवळील. आणि आपण स्वतः पुढे घोडा घ्यायला जाल तेव्हा काख, जांघ आणि कानामागची जागा हाताने चाचपावी, गुळगुळीत, केस नसलेले वण आणि एकट्या पांढऱ्या केसांचे ठिपके कशाचे आहेत ते विचारावे.

दवाखान्यात जाण्याआधी गाठीशेजारी एक रुपयाचे नाणे धरून उजेडात फोटो काढावा, त्यावर तारीख लिहावी, आणि उपचार झाल्यावर वर्षभर दर महिन्याला त्याच जागेचा तसाच फोटो काढत राहावे. वणाच्या कडेला मोहरीएवढा उंचवटा जरी दिसला, तरी शिरवळला त्याच आठवड्यात फोन करावा.